सुनीच्या गोळ्या बंद करू नका

ती. आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

"पोरगी आता धडधाकट चालतेय, मग गोळ्या कशाला?" असं अण्णा फोनवर म्हणाले, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

सुनीचा डोळा धुरकट झाला, पाय बधिर पडला, तेव्हा सलाईनमधून दिलं ते स्टिरॉइड होतं. त्यानं सूज लवकर ओसरते, आजार जात नाही. सुनीला झालेल्या या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांचं मायलिन नावाचं आवरण कुरतडते. माणूस वरून ठणठणीत दिसतो आणि आत नवे चट्टे पडत असतात, ते एमआरआयमध्येच कळतं. रोज घ्यायची गोळी पुढचे झटके कमी करण्यासाठी आहे. आजार मुळासकट काढणारं औषध अजून निघालेलं नाही, म्हणून तर या गोळीला धरून राहायचं.

आई, गोळी उष्ण पडते म्हणतेस. तोंड लालबुंद होणं, कानशिलं तापणं, मळमळ, हे डायमिथाइल फ्युमरेटनं, म्हणजे तिच्या या गोळीनं, होतंच. सुरुवातीला जास्त, मग बहुतेकांचं कमी होत जातं. उपाशीपोटी देऊ नकोस, भाकरी-वरण खाल्ल्यावर दे. रक्ततपासणी मात्र चुकवू नका, पांढऱ्या पेशी फार घटल्या तर त्यातच समजतं.

आणि ग्रहणात विळीला हात लावला म्हणून असं झालं, हे मनातून काढून टाक. अमेरिकेत एक कोटीहून जास्त सैनिकांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये दाखवलं गेलं, की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर हा आजार होण्याचा धोका ३२ पट वाढतो. हा विषाणू बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी गाठतो, आजार मात्र फार थोड्यांना होतो. अंगातली जनुकं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, असं बरंच जुळून यावं लागतं. यात तुझा काही दोष नाही गं.

उन्हाळ्यात तिला पत्र्याच्या खोलीत झोपवू नका, माळवदाखाली खाट टाका. अंग तापलं की जुना त्रास वर येतो, गार झाल्यावर उतरतो, त्याला घाबरायचं नाही. पण ताप नसताना नवीन काही सुरू झालं आणि दिवसभरात उतरलं नाही, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. लकव्याचं तेल चोळत बसू नका.

पुढच्या महिन्याच्या गोळ्या पाठवतोय. अण्णा, सकाळ-संध्याकाळची गोळी तुम्हीच तिच्या हातावर ठेवत जा. तुमचं ती ऐकते.

तुमचा,
बाळू