टिळकवाडीच्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

जड अणुकेंद्रके कमी ऊर्जेवर एकमेकांजवळून जाताना त्यांच्यात न्यूट्रॉन-प्रोटॉनची देवघेव कशी होते, हा एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी माझ्या वाट्याला आलेला विषय आपण बेळगावच्या टिळकवाडीतल्या आपल्या घरी मला मराठीतून समजावून दिलात. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून मराठी माध्यमात शिकून आलेल्या माझ्यासारख्या इतरांनाही आपले दार ठाऊक व्हावे, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

आपण मला उपमांच्या आसपासही फिरकू दिले नाहीत, थेट आकडेमोडीला बसवलेत, याचे मोल मला सर्वाधिक वाटते. निकेल-60 आणि कथील-116 (आकडा म्हणजे केंद्रकातील प्रोटॉन-न्यूट्रॉनची एकूण संख्या) यांच्या अणुक्रमांकांचा, म्हणजे प्रोटॉनसंख्यांचा, गुणाकार 1400 येतो, आणि त्यांच्यातील विद्युत प्रतिकर्षण त्याच प्रमाणात असते. त्यामुळे संहतिकेंद्राच्या चौकटीत (दोघांचे सामायिक वस्तुमानकेंद्र स्थिर धरून) 144 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेने समोरासमोर आलेली ही केंद्रके 14 फर्मी (एक फर्मी म्हणजे मिलिमीटरचा लाख-कोटीवा भाग) अंतरावरूनच माघारी फिरतात, आणि त्यांच्या त्रिज्यांची बेरीज मात्र साडेदहा फर्मींच्या आसपास भरते. म्हणजे ती एकमेकांना भिडतच नाहीत, तरीही मधले साडेतीन फर्मी ओलांडून न्यूट्रॉन पलीकडे जातो. विद्युतभार नसल्यामुळे त्याला कूलॉमचा, म्हणजे विद्युत प्रतिकर्षणाचा, अडथळा नसतो, बंधनऊर्जेचा (केंद्रकातून सुटायला लागणाऱ्या ऊर्जेचा) असतो. ती 8 ते 9 एमईव्ही धरली, तर अंतर एका फर्मीने वाढताच हस्तांतरणाची शक्यता साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. हा उतार आपण लॉग आलेखावर माझ्याकडूनच काढून घेतलात.

त्याहून रंजक निघाली ती जोडीची गोष्ट. कथिलाकडून निकेलकडे एकच न्यूट्रॉन गेला तर सुमारे 1.7 एमईव्ही खर्ची पडतात, पण दोन गेले तर 1.3 एमईव्ही उलट मिळतात. दोघे स्वतंत्रपणे जात असते, तर जोडीची शक्यता एकट्याच्या शक्यतेच्या वर्गाइतकीच असती. इटलीतील लेन्यारो येथे प्रिझ्मा या केंद्रकांचे तुकडे ओळखणाऱ्या वर्णपटमापकावर घेतलेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत ती स्पष्टपणे जास्त आढळली. त्या प्रयोगात जड कथिलाचा झोत हलक्या निकेलवर का सोडला, हे आपण विचारले नसते तर माझ्या लक्षातही आले नसते: तसे केल्याने निकेलसारखे तुकडे भरपूर ऊर्जेने पुढच्या दिशेला येतात आणि त्यांचे वस्तुमान नेमके ओळखता येते. प्रोटॉनच्या हस्तांतरणात विद्युतभारच बदलतो, म्हणून ऊर्जेचा मेळ वेगळा बसतो, एवढेच सांगून आपण तो भाग आवरता घेतलात, आणि सेमिनारच्या वेळेत तेच योग्य होते.

आता दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरमधील सिलिकॉन-28 आणि झिर्कोनियमच्या मोजमापांकडे वळले आहे. झिर्कोनियम-94 कडून न्यूट्रॉन उचलताना ऊर्जा सुटते, झिर्कोनियम-90 कडून उचलताना ती घालावी लागते. या फरकाचा उपअडथळा संमीलनावर (कूलॉम अडथळ्याहून कमी ऊर्जेवर केंद्रके एकजीव होण्यावर) किती परिणाम होतो, ते गणित मांडून पुढच्या भेटीत तपासायला घेऊन येईन.

आपली विद्यार्थिनी,
खानापूर