बाबांच्या दोन सीटी स्कॅनविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, वजन ऑपरेशनपूर्वी होते तेवढेच, ६२ किलो, आहे म्हणून काळजी नको, असे तुम्ही फोनवर म्हणालात. मला ते पटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. तुमच्या डॉक्टरांच्या संमतीने पोटाचे दोन्ही सीटी स्कॅन मी आमच्या प्रयोगशाळेत तपासले.

आम्ही कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एकच छेद, म्हणजे शरीर आडवे कापल्यासारखे दिसणारे चित्र, घेतो, कारण तेथील स्नायूंच्या क्षेत्रफळावरून साऱ्या शरीरातील स्नायूंचा चांगला अंदाज येतो. हा छेद म्हणजे ५१२ आडव्या आणि ५१२ उभ्या घरांचा कागद. जेकार्डच्या चादरीची नक्षी तुम्ही घरे भरून काढत होता, अगदी तसा. प्रत्येक घराला हाउन्सफिल्ड मापनातला, म्हणजे तिथे क्ष-किरण किती अडले हे सांगणारा, आकडा असतो: पाणी ०, हवा उणे १०००, स्नायू साधारण उणे २९ ते १५०, कातडीखालची चरबी उणे १९० ते उणे ३०. मात्र नुसत्या आकड्यावर भागत नाही, कारण यकृत आणि आतडीही स्नायूंच्याच पट्ट्यात पडतात. म्हणून घर कशाचे आहे हे शेजारच्या घरांवरून ठरवावे लागते. पूर्वी तज्ज्ञ या सीमा हाताने आखत. २०१५ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठातून आलेल्या यू-नेटसारख्या संगणकीय रचना, तज्ज्ञांनी आखून दिलेल्या छेदांवरून शिकून, तेच काम काही सेकंदांत करतात.

तुमच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये संगणकाने आतड्याचे एक वेटोळे स्नायूत धरले होते. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी ते दुरुस्त केल्यावरच मी आकडे मानले. दोन्ही वेळा शिरेतून औषध देऊन स्कॅन झाला होता, त्यामुळे तुलना योग्य आहे. स्नायूंचे क्षेत्रफळ १२८ वरून ११३ चौरस सेंटिमीटर झाले आहे आणि आतड्यांभोवतीची चरबी वाढली आहे. काटा त्यामुळेच हलला नाही. (सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातही चरबी जास्त असू शकते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या संशोधनाने दाखवले आहे.)

बाबा, सिद्धेश्वर तलावाभोवतीची फेरी चालू ठेवा, पण गेलेला स्नायू भरून यायला तेवढे पुरणार नाही. खुर्चीतून हात न टेकता उठण्यासारखे व्यायाम हवेत. आई, तू डाळ, दही, उसळ वाढवण्याआधी त्यांचे मूत्रपिंड किती प्रथिने झेपवेल, हे डॉक्टरांना विचार. शुक्रवारी डॉक्टरांकडे जाताना दोन्ही स्कॅनच्या सीडी बरोबर न्या. मी त्या वेळी फोनवर असेन.

तुमची लेक