थाकसिनला नेमकी कशाची शिक्षा झाली?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. थायलंडचा माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा अखेर तुरुंगात गेला, तिथल्या राजकारणातला हा विषय संपला, असं तू लिहिलंस. मला तसं वाटत नाही. त्याला जे विचारायला हवं होतं ते कोर्टाने कधी विचारलंच नाही.

आधी त्याच्या बाजूचं लिहितो, कारण तू ते एका वाक्यात उडवून लावलंस. २००१ मध्ये तो निवडून आला आणि पुढच्या वर्षापर्यंत ३० बाटमध्ये (बाट म्हणजे तिथलं चलन) उपचारांची योजना देशभर पोचली. आराखडा त्याचा नव्हता. डॉ. सांगुआन नित्यारुम्फोंग आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं त्यासाठी झटत होते. पण त्यांचं ऐकून घेऊन त्यावर निवडणूक लढवायची धमक थाकसिनने दाखवली. शिवाय गावोगावी १० लाख बाटचा निधी, शेतकऱ्यांच्या कर्जफेडीला तीन वर्षांची स्थगिती. बँकॉकमधले सुशिक्षित याला मतांची खरेदी म्हणाले. मला ते कधीच पटलं नाही. इसानमधल्या, म्हणजे ईशान्य थायलंडमधल्या शेतकऱ्याने आपल्या घरचं आजारपण सोसवेल असं करणाऱ्याला मत दिलं, यात अडाणीपणा कसला? आणि बघ, २००६ च्या बंडानंतर लष्कराने बसवलेल्या सरकारनेही ही योजना मोडली नाही, उलट ते ३० बाटही माफ केले.

आता दुसरं. २००३ मध्ये त्याने अमली पदार्थांविरुद्ध ‘युद्ध’ पुकारलं आणि पहिल्या तीन महिन्यांतच दोन हजारांहून जास्त माणसं मारली गेली. त्यांतल्या अनेकांचा त्या धंद्याशी संबंधही नव्हता. २५ ऑक्टोबर २००४ ला दक्षिणेत ताक बाई इथे मुस्लिम निदर्शकांना हात मागे बांधून लष्करी ट्रकमध्ये एकावर एक रचलं. ७८ जण गुदमरून मेले. गोळीबारात गेलेले धरून ८५. रमजानच्या उपासाने ते अशक्त झाले होते, असं हा पंतप्रधान म्हणाला! हे वाचलं की माझा अजूनही संताप होतो.

आणि त्याला हाकललं ते कशावरून? घराण्याची शिन कॉर्प कंपनी ७,३०० कोटी बाटला सिंगापूर सरकारच्या तेमासेक या गुंतवणूक कंपनीला विकली आणि कर भरला नाही, यावरून लोक रस्त्यावर उतरले. सप्टेंबर २००६ मध्ये तो न्यूयॉर्कला असताना रणगाडे आले. २००८ ची शिक्षा बायकोच्या जमीनखरेदीची, २०१० ची जप्ती शेअर्सच्या पैशांची. मेलेल्यांबद्दल एकही नाही. कसा असणार? गोळ्या पोलिसांच्या होत्या, ट्रक लष्कराचे. तो धागा ओढला असता तर त्याला घालवणारेच उघडे पडले असते.

ताक बाईचा खटला २०२४ मध्ये कसाबसा उभा राहिला. आरोपी हजरच झाले नाहीत आणि २५ ऑक्टोबरला खटल्याची वीस वर्षांची मुदत संपून तो बाद झाला. तेव्हा पंतप्रधान होती पेतोंगतार्न, त्याची मुलगी. आरोपींमधला एक निवृत्त सेनापती तर तिच्याच पक्षाचा खासदार होता.

म्हणून सांगतो, त्याला नुसता भ्रष्ट म्हणून निकालात काढू नकोस. तसं केलं की दवाखाना मिळालेला शेतकरीही खोटा ठरतो आणि ताक बाईच्या आयाही बाजूला पडतात. तुझं म्हणणं वेगळं असेल तर सविस्तर लिही, वाट बघतो.

तुझाच,
जुना मित्र