मॅडमचे तीन महिने

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, ‘एवढे पैसे मिळाले, मग मशीन घेणार की औषधं?’ ते घाईत सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

हे पैसे आमच्या मॅडमच्या वेळेसाठी आहेत. इथली, म्हणजे अमेरिकेतली, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ ही मानसिक आरोग्यावरच्या संशोधनाची सरकारी संस्था के-२४ नावाचं अनुदान देते, तेच त्यांना मिळालंय. वर्षातले किमान ३ महिने स्वतःचं संशोधन आणि आम्हा नवख्यांना घडवणं, एवढ्यासाठीच राखायचे. तेवढा पगार अनुदानातून निघतो. एरवी ओपीडी नि मीटिंगांतून शिकवायला वेळ कुठून काढणार?

बाबा, तुम्ही म्हणाल, पीएचडी झाली, आता आणखी काय शिकायचं? मध्यंतरी एचआयव्ही असलेल्या एका बाईंशी बोलले. नावगाव सांगायचं नसतं. प्रश्नावलीप्रमाणे विचारलं, ‘गोळ्या चुकतात का?’ ‘नाही.’ मी खूण करून पुढे गेले. मॅडमनी शेजारी बसून रेकॉर्डिंग ऐकलं. ‘नाही’च्या आधी त्या बाई थांबल्या होत्या. मॅडमनी तेवढाच तुकडा तीनदा ऐकवला. पुढच्या खेपेला मी विचारलं, ‘झोप कशी लागते?’ त्या रडायलाच लागल्या. घरात कळू नये म्हणून गोळ्या बटणांच्या डब्यात ठेवतात, आणि सकाळी उठावंसंच वाटलं नाही तर डबा तसाच राहतो. रोज घेतली तर हीच औषधं विषाणू इतका दाबतात की तो तपासणीत सापडत नाही, जोडीदारालाही लागण होत नाही. अशी औषधं हाताशी असून मन खचल्यामुळे डब्यात पडून राहतात, याचं फार वाईट वाटतं.

आपल्याकडे २००४ पासून ती सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. भेदभावाविरुद्ध २०१७ चा कायदाही आहे. पण ग्वाल्हेरला लष्करच्या वाड्यातल्या त्या एचआयव्ही असलेल्या काकांचा कप सगळ्यांनी वेगळा केला होता, आठवतं? आई, तू एकटीने त्यांना आपल्याच कपातून चहा दिलास. त्यांना झोप लागत होती का, हे मात्र आपणही विचारलं नाही. हे विचारणारी माणसं आपल्याकडे तयार व्हायला हवीत, आणि त्यांच्या शेजारी बसून रेकॉर्डिंग ऐकणारं कुणीतरी. मला ते काम करायचंय.

डिसेंबरात येते, तानसेन समारोहाला आपण तिघंही जाऊ.

बाबा, बीपीच्या गोळ्या चुकतात का, असं आता विचारत नाही. रिटायर झाल्यापासून झोप कशी लागते तुम्हाला?

तुमची,
मंजू