शेजारच्या सूनबाईस, चीनहून परतल्यावर

चि. सौ. सूनबाईस,
(आमची नव्हे, शेजाऱ्यांची. पण हक्क आमचाही.)
अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात आभार मानायला लागले तर "काकू, शेजाऱ्यांचे कसले आभार!" म्हणत वर पळालीस. म्हणून आता चारचौघांत मानते. पळून दाखव.

आणखीही एक कारण आहे. आम्ही दोघं चीनला जाऊन आलो हे कळल्यापासून रोज कुणीतरी विचारतं, "भाषेचं काय केलंत?" सगळ्यांना तुझ्या दारात पाठवलं तर तुझे सासरे माझ्याशी बोलणं टाकतील. त्यापेक्षा त्यांनीही हे पत्रच वाचावं.

भाषेचं काहीच केलं नाही, हे खरं उत्तर. जायच्या आधी दोन महिने यांनी मोबाइलवर चिनी शिकायला घेतलं होतं. एका संध्याकाळी तू आलीस आणि "माई" हा एकच शब्द दोन सुरांत म्हणून दाखवलास. एका सुरात विकत घेणं, दुसऱ्यात विकणं. आम्हाला दोन्ही सारखेच ऐकू आले. तू हसून म्हणालीस, "काका, बोलायचा नाद सोडा, दाखवायची तयारी करा." मग जुन्या लग्नपत्रिका मागून घेतल्यास आणि त्यांच्या कोऱ्या पाठींवर काळ्या पेनानं एकेक वाक्य चिनीत लिहिलंस. खाली मराठीत अर्थ, कोपऱ्यात नंबर. अशी पंचवीस कार्डं. मला वाटलं होतं, मोबाइलच्या जमान्यात हा काय पोरखेळ! तो शब्द मागे घेते.

सगळ्यात जास्त मळलं ते ४ नंबरचं, जेवणाचं. नुसतं "मांस नको" म्हटलं तर मोठे तुकडे काढतील, पण खिमा भुरभुरवतील आणि भाजी डुकराच्या चरबीत परततील, असं तू सांगितलं होतंस. म्हणून तू "सू" हा शब्द मोठ्या अक्षरात लिहिलास, बौद्ध भिक्षू जेवतात तसं शाकाहारी, आणि खाली यादी दिलीस: मांस, मासे, कोळंबी, अंडं, चरबी, हाडांचं सूप, ऑयस्टर सॉस, काहीच नको. बेइजिंगमध्ये पहिल्याच रात्री वाढणारी मुलगी ते कार्ड घेऊन आत गेली आणि आचाऱ्यालाच बाहेर घेऊन आली. त्यानं यादीतल्या एकेका शब्दावर बोट ठेवलं, "अंडं"वर थांबला आणि भुवया उडवल्या. हे म्हणाले, "मला चालतं की अंडं." मी डोळे वटारले. मग बटाट्याच्या काचऱ्या आल्या, पण अर्ध्या कच्च्या, करकरीत, वर व्हिनेगर आणि सुकी मिरची. आपल्याकडे कुणी अशी भाजी वाढली तर सासू बोलेल. तिथं आम्ही दुसरी प्लेट मागवली. बरोबर घरची शेंगाचटणी होतीच.

देवळाजवळच्या "सू" खानावळींत बहुतेक कांदा-लसूणही नसतो, हे तिसऱ्या मजल्यावरच्या जैन वहिनींना सांगितलं. त्या आता यजमानांच्या मागे लागल्या आहेत.

पैशांचं तर तू इथं बसूनच उरकून घेतलंस. अलीपे, म्हणजे तिथलं फोनवरून पैसे द्यायचं अॅप, आमच्या हॉलमध्येच उतरवलंस, पासपोर्टचा फोटो चढवलास, कार्ड जोडलंस. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असतात ते बँकेच्या अॅपमधून सुरू करायला लावलेस, आणि ओटीपीसाठी इथलंच सिम रोमिंगवर ठेवायला सांगितलंस. तू स्वतः चीनहून २०१९ ला परत आलीस, तेव्हा परदेशी कार्ड तिथं असं सहज जोडता येत नव्हतं. म्हणून स्वतःच्या आठवणीवर विसंबली नाहीस, तिथल्या मैत्रिणीला विचारलंस. ही गोष्ट मला फार आवडली. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आपला सल्ला शिळा झाला असेल हे ओळखणारं क्वचितच. २०० युआनच्या आतल्या खरेदीवर जादा शुल्क नाही, हेही तिनंच कळवलं. तिथल्या क्यूआरची आम्हाला सवय व्हायला अर्धा दिवस लागला. भाजीवालीला फोनवरून पैसे देणाऱ्या माणसांना आणखी किती लागणार! तरी सुट्ट्या नोटांचं पाकीट आणि दुसरं कार्ड मी पर्सच्या चोरकप्प्यात ठेवलंच होतं.

इंटरनेटचंही तू म्हणालीस तस्संच. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअॅप, गूगल, यूट्यूब, सगळं बंद. सोलापूरच्या सिमच्या रोमिंगवर मात्र चालू. नातवाला रोज संध्याकाळी फोटो गेले ते त्यामुळे.

एक कबुली द्यायची आहे. ९ नंबरचं, स्टेशनाचं कार्ड मी वापरलं नाही आणि तोंडावर आपटले. बेइजिंगला रेल्वे स्टेशनं बरीच आहेत. आमचं तिकीट "बेइजिंगशी"चं होतं आणि मला वाटलं, "शी" म्हणजे असेल काहीतरी शेपूट. टॅक्सीत बसल्यावर ऐटीत "बेइजिंग, ट्रेन" म्हटलं. त्यानं इमानदारीत बेइजिंगच्याच स्टेशनवर सोडलं. शी म्हणजे पश्चिम, नान दक्षिण, बेई उत्तर, दोंग पूर्व. तू कार्डाच्या कडेला लिहिलं होतंस. बेइजिंग म्हणजे मुळात उत्तर राजधानी, हेही. बॅग ओढत पुन्हा टॅक्सी केली, ह्या वेळी कार्ड थेट ड्रायव्हरच्या नाकासमोर धरलं. पश्चिम स्टेशनवर पोचेपर्यंत फाटक बंद झालेलं. तिथं गाडी सुटायच्या काही मिनिटं आधीच फाटक लावतात, धावत जाऊन डबा पकडायची आपली कला कामाची नाही. पुढच्या गाडीचं तिकीट खिडकीवर मिळालं. तिकीट म्हणजे पासपोर्टच. यंत्राऐवजी माणूस असलेल्या रांगेत पासपोर्ट दाखवायचा. यांनी मला दिवसभर एक शब्द ऐकवला नाही. ते जास्त लागलं.

ती गाडी होती शिजियाझुआंगची. लोक विचारतात, भिंत पाहिली, राजवाडा पाहिला (सोमवारी बंद असतो, हे आम्हाला तुझ्यामुळे ठाऊक होतं), मग हे कुठलं गाव? सोलापूरच्या माणसानं तरी हे विचारू नये. आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस तिथं विसावले आहेत. १९३८ साली आणखी चार भारतीय डॉक्टरांबरोबर गेले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं, त्यात भारतही आला आणि चीनही. १९४२ च्या डिसेंबरात गेले तेव्हा वय अवघं ३२. शाळेत मी हा धडा दर वर्षी पोटतिडकीनं सांगायचे, आणि पाठीमागच्या बाकावरची पोरं दर वर्षी डबा खायची.

बेइजिंगहून गाडीनं तासाभराचा रस्ता. गाडीत फुकट उकळतं पाणी मिळतं, त्यामुळे घरून नेलेली चहाची पुडी कामी आली. स्टेशनाबाहेर एक बाई भाजलेली रताळी विकत होती. मी किंमत विचारली, म्हणजे भुवया उडवल्या. तिनं अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. आपल्याकडे याचा अर्थ फोन करा. यांनी लगेच फोन काढून दिला. तिला वाटलं पैसे देताहेत, तिनं क्यूआर पुढे केला. किती द्यायचे ते कळेना. पुन्हा अंगठा, करंगळी. शेवटी ११ नंबरचं कार्ड आठवलं, तू काढलेली दहा हातांची चित्रं: अंगठा-करंगळी म्हणजे सहा, अंगठा-तर्जनी म्हणजे आठ. सहा युआनचं रताळं. त्या दिवशी कार्तिकी होती, उपासालाही चाललं.

आता २५ नंबर. ते तू न मागता लिहिलं होतंस आणि वाचूनही दाखवलं नव्हतंस. मराठीत खाली एवढंच होतं: "आम्ही के दीहुआंच्या गावाहून आलो आहोत." डॉक्टरांचं तिथलं नाव. स्मृतिस्थळाच्या दारातला रखवालदार आमच्याच वयाचा. त्यानं कार्ड वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. खूप बोलला. मी "थिंग पू तोंग" म्हटलं, ऐकू आलं पण कळलं नाही, माझं तोंडपाठ झालेलं एकमेव वाक्य. तरी तो बोलतच राहिला आणि यांचा हात धरून आम्हाला थेट डॉक्टरांच्या पुतळ्यापाशी घेऊन गेला. आम्ही नमस्कार केला, तोही कमरेत वाकला. मी घरून नेलेली चटणीची एक पुडी त्याला दिली. त्यानं ती वरच्या खिशात ठेवली आणि तिच्यासोबत तुझं कार्डही.

"कार्ड परत द्या" असं लिहिलेलं कार्ड आमच्याकडे नव्हतं. तेवढं २५ नंबरचं पुन्हा लिहून दे. पत्रिका माझ्याकडे भरपूर आहेत.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू