बापूंचं ऑपरेशन का थांबलंय

नौपाडा, ठाणे
शनिवार, रात्री

प्रिय शऱ्या,

काल फोनवर तू गोट्याला झापलंस, "डॉक्टर चालढकल करताहेत आणि तू गप्प कसा?" पोरगं आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून रडलं. फोनवर आपण दोघं भांडतोच. तलावपाळीवरच्या त्या प्रकारानंतर दोन वर्षं अबोला होता, पुन्हा तसं नको, म्हणून लिहितोय.

अ‍ॅटॅक रविवारचा. अ‍ॅसिडिटी म्हणून बापूंनी दोन दिवस काढले. मंगळवारी स्टेंट बसला, पण हृदयाचा तेवढा स्नायू तोवर मेला होता. असा स्नायू तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात कच्चा असतो. पांढऱ्या पेशी मेलेलं साफ करत असतात आणि नवा चिवट व्रण अजून धरलेला नसतो. गुरुवारी पहाटे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाटला. एकदम धाप लागली, बीपी ८०. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला तळवा ठेव, मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ते त्या भोकातून उसळणारं रक्त. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, भोक १४ मिमी.

आता टाका घालायचा कशात? भोकावर लावायचा तुकडा, म्हणजे पॅच, धडधाकट स्नायूला शिवावा लागतो, आणि मेलेलं कुठे संपतं ते अजून नीट कळत नाही. कच्च्या मांसात टाके कापत जातात, पॅच सुटतो. अमेरिकेतल्या सर्जनांच्या नोंदींचा २०१२चा हिशेब आहे, २,८७६ रुग्णांचा. अ‍ॅटॅकनंतर सात दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांतले ५४ टक्के गेले, नंतर झालेल्यांतले १८. पण हा आकडा फसवा आहे रे. वाट बघता बघता गेलेले त्यात धरलेच नाहीत. आणि ऑपरेशनच केलं नाही, तर जवळजवळ कुणीच वाचत नाही.

म्हणून व्रण धरेपर्यंत तग धरायला जांघेतून महाधमनीत, हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, फुगा सोडलाय. हृदय सैल पडलं की तो हेलियमने फुगतो, ठोका पडायच्या आत मिटतो. पुढची वाट सोपी झाली की भोकातून कमी रक्त पळतं. बीपी औषधांनी भरमसाट चढवत नाहीत तेही याचसाठी, रक्तवाहिन्या आवळल्या की भोकातून जास्त जातं. गोट्याला रोज दोनच गोष्टी विचार: लघवी तासाला ३० मिलीच्या वर आहे ना, रक्तातलं लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की वाढतं ते) वाढत नाही ना. ही बिघडली तर सात दिवस भरायची वाट कुणी बघणार नाही, त्याच रात्री आत घेतील. आज दोन्ही ठीक आहेत. दुपारी बापू मास्कमधून विचारत होते, शऱ्याने माझे चारशे रुपये पाठवले का!

माझी शुगर बरी आहे. तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचे गुडघे?

सोमवारी ये. रक्तदाते लागतील, तुझ्या ऑफिसातल्या पोरांना आधीच सांगून ठेव. आलास की गोट्याला झोपायला घरी पाठव आणि तू बस. फुगा ज्या पायातून घातलाय तो त्यांना दुमडू देऊ नकोस. पाऊल गार किंवा निळसर वाटलं तर लगेच सिस्टरना हाक मार.

तुझा,
दिन्या