माननीय शिक्षणमंत्री, राखीगढीच्या त्या स्त्रीचा पुरावा मुलांना पूर्ण सांगा

माननीय केंद्रीय शिक्षणमंत्री महोदय यांस,
सविनय नमस्कार.

हरियाणातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी मिळालेल्या डीएनएवरील मूळ शोधनिबंधाचा सारांश बारावीच्या वर्गात वाचून दाखवला, म्हणून मी ज्या शाळेत इतिहास शिकवते त्या शाळेने माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आहे. पाठ्यपुस्तकाशी विसंगत माहिती दिली, असा माझ्यावर ठपका आहे. विसंगती आहेच, पण ती निर्माण केली आहे पाठ्यपुस्तकाने, आणि ते एनसीईआरटीचे, म्हणजे आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीतले आहे. म्हणून खरा खुलासा मी आपल्याकडे मागते आहे, आणि तोही जाहीरपणे.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात हडप्पा संस्कृतीच्या प्रकरणात काही परिच्छेद नव्याने घालण्यात आले. हडप्पाकालीन लोकांचा वारसा आजच्या बहुसंख्य भारतीयांत अखंड चालत आला आहे, त्यामुळे तथाकथित आर्यांचे मोठ्या प्रमाणावर आगमन झाले असणे शक्य नाही, असा त्यांचा आशय आहे. यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे. दुसरे मात्र ज्या संशोधनाच्या आधाराने केले आहे, त्याच संशोधनाच्या विरोधात जाते.

ते संशोधन पुरातत्त्वज्ञ डॉ. वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे असून सप्टेंबर २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. राखीगढीच्या दफनभूमीतील साठाहून अधिक नमुने तपासल्यावर त्यांना फक्त एका सांगाड्यातून वाचता येण्याजोगा डीएनए मिळाला. तो होता सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उशाशी मातीची भांडी ठेवून पुरलेल्या एका स्त्रीचा. प्राचीन इराणी लोकांशी दूरचे नाते असलेला एक समूह आणि आग्नेय आशियातील शिकारी-अन्नसंकलकांशी दूरचे नाते असलेला दुसरा, असे तिचे पूर्वज. युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील, म्हणजे स्टेपमधील, पशुपालकांचा अंश तिच्यात नव्हता. पाठ्यपुस्तक नेमके इथे थांबते. निबंध पुढे जातो आणि सांगतो की आज दक्षिण आशियात सर्वदूर आढळणारा हा अंश हडप्पा संस्कृतीच्या ऱ्हासानंतर आला असावा, आणि इंडो-युरोपीय भाषाही इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात मध्य आशियामार्गे इकडे आल्या असाव्यात. जे तेव्हा नव्हते आणि आज आहे, ते मधल्या काळात आले, हे कळायला अनुवंशशास्त्राची पदवी लागत नाही.

एकाच सांगाड्यावर इतका डोलारा कशाला, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्याच आठवड्यात 'सायन्स'मध्ये आलेल्या दुसऱ्या निबंधात आहे, ज्याचे अनेक लेखक पहिल्या निबंधाचेही लेखक आहेत. त्यात ५२३ प्राचीन व्यक्तींचा डीएनए तपासला आहे. स्टेपमधील लोक इसवी सनपूर्व २००० ते १५०० च्या दरम्यान दक्षिणेकडे सरकल्याचा माग त्यात लागतो, आणि पुढे आजच्या पाकिस्तानातील स्वात खोऱ्यातील दफनांत, सुमारे इसवी सनपूर्व १२०० पासून, तो अंश प्रत्यक्ष दिसतो. आजच्या काही भारतीय समूहांत तो सुमारे ३० टक्क्यांपर्यंत आहे, आणि पारंपरिक पुरोहित समूहांत तुलनेने अधिक आहे. हे वाक्य माझ्या काही विद्यार्थ्यांच्या घरी आवडले नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते मी गाळावे काय?

आक्रमणाचा सिद्धान्त मी शिकवत नाही. मोहेंजोदडोतील सांगाडे पाहून १९४७ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, म्हणजे त्या विनाशाचा दोष आर्यांच्या हल्ल्याला दिला, ते पुरातत्त्वज्ञांनी फार पूर्वीच नाकारले आहे. डीएनएवरून कोण कोणती भाषा बोलत होता तेही कळत नाही. त्यासाठी भाषेचेच पुरावे लागतात, आणि ते आहेत. इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात आजच्या तुर्कस्तान-सीरियाच्या भागात झालेल्या मितान्नी आणि हित्ती राजांच्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या वैदिक देवतांना साक्षी ठेवले आहे. आपल्या मराठीतही लोक मिसळल्याचा असाच भाषिक पुरावा आहे. तिचे कुळ इंडो-आर्य. पण ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' हा भेद संस्कृतात नाही, द्राविडी भाषांत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. त्या मराठीची घडण अनेक लोकांच्या मिसळण्यातून झाली, हे तिच्या मुलांना सांगण्यात कुणाचा अपमान आहे?

या प्रकरणाने मला काय दिले, तेही ऐका. बारावीचा वर्ग काढून घेऊन मला सातवीकडे पाठवण्यात आले. पालकांच्या व्हॉट्सॲप समूहावर माझ्या जातीची चौकशी झाली. सहकारी शिक्षक एकांतात पाठ थोपटतात आणि बैठकीत मान खाली घालतात. त्यांना तरी दोष कसा देऊ? गुण मिळतात पाठ्यपुस्तकातल्या वाक्याला, पेपर तपासणाऱ्यापुढे आदर्श उत्तरपत्रिका असते, आणि शोधनिबंध वाचून लिहिणारे मूल त्या चौकटीत बसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचार आणि वैज्ञानिक दृष्टी यांचे आश्वासन आहे. ते पानोपानी वाचून आम्ही प्रशिक्षणांना बसलो, टाळ्या वाजवल्या. आता एका मुलीने वर्गात विचारले, "मॅडम, मग परीक्षेत काय लिहू?" तर या व्यवस्थेत मी तिला प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही.

याच महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आर्यांना बाहेरून आलेले जेते म्हटले, टिळकांनी १९०३ मध्ये वेदकर्त्यांचे मूळ उत्तर ध्रुवाजवळ शोधले, आणि बाबासाहेबांनी १९४६ मध्ये आर्य वंशाची कल्पनाच खोडून काढली. तिघांचे एकमत नव्हते आणि तिघांनीही आपापले पुरावे उघड मांडले. शिरूरजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी पुरलेली लहान मुले सापडली. ती कोणाची होती, हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांना पडतो. आपले पुस्तक मात्र उत्तर आधीच ठरले आहे असे सांगते.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. त्या परिच्छेदांत निबंधाचा उरलेला निष्कर्ष घाला. ते कोणत्या तज्ज्ञांनी लिहिले आणि कोणी तपासले, ते जाहीर करा. आणि मूळ संशोधन वर्गात वाचणाऱ्या शिक्षकावर त्या कारणाने कारवाई करता येणार नाही, असे परिपत्रक काढा. माझा वर्ग मला परत मिळेल की नाही, हे त्या परिपत्रकावर अवलंबून आहे.

कळावे,
इतिहासाची एक शिक्षिका